बाळ झोपलं की गणित: चार मुलांची घरशाळा नेमकी चालते कशी?

ज्यांना एसटीत बसल्यावर इअरफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या काढल्यात, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषय आहे होमस्कूलिंग. मराठीत काही जण घरशाळा म्हणतात. मला तो शब्द आवडतो, म्हणून तोच वापरतो. घरशाळेचे रील्स तुम्ही पाहिले असतील. पांढरी भिंत, लाकडी खेळणी, खिडकीतून आलेलं ऊन आणि एक शांत मूल पानं-फुलं मांडत बसलेलं. त्या रीलमध्ये दोन गोष्टी कधी दिसत नाहीत. एक म्हणजे दुसरं आणि तिसरं मूल. दुसरी म्हणजे रांगणारं बाळ. ज्या घरात हे सगळं एकदम आहे, त्या घराबद्दल आज बोलू.

घर माझ्या ताईचं, साताऱ्यात. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय २८, बी.टेक. होऊन सहा वर्षं झाली. लग्न नाही, मुलं नाहीत, शिक्षणतज्ज्ञ तर अजिबात नाही. पण यंदा जून-जुलैमध्ये कंपनीने घरून काम करायला दिलं आणि मी दोन महिने ताईकडे मुक्काम ठोकला. माझं टेबल हॉलच्या कोपऱ्यात आणि हॉल म्हणजेच शाळा. त्यामुळे जे सांगतोय ते अगदी पहिल्या बाकावरून पाहिलेलं आहे.

आधी माणसं सांगतो. ताई ३७ वर्षांची, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवायची. दाजी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, पाळी दर आठवड्याला बदलते. थोरली ११ वर्षांची, मधला ८ चा, धाकटा ५ चा, आणि मग बाळ. मी गेलो तेव्हा ७ महिन्यांचं होतं, निघालो तेव्हा ९ महिन्यांचं. हे दोन महिने किती महत्त्वाचे असतात ते पुढे येईलच. ताईच्या सासूबाई गावी असतात, महिन्यातून आठ-दहा दिवस येतात. ते आठ-दहा दिवस घर वेगळंच असतं. पोरांची नावं मुद्दाम घेत नाही, मोठी झाल्यावर इंटरनेटवर स्वतःला शोधतील आणि माझ्यावर चिडतील.

हे सुरू झालं २०२० च्या जूनमध्ये. थोरली पहिलीत जाणार होती आणि शाळा मोबाइलवर आली. ताईने दोन-तीन महिने तो प्रकार पाहिला आणि मोबाइल बंद करून स्वतःच शिकवायला बसली. शाळा पुन्हा नीट सुरू झाल्या तेव्हा शेजारपाजारची मुलं परत गेली, ताईची गेली नाहीत. घरात चालतंय, मग चालू दे, असं ते झालं. मोठं तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. ते नंतर माणूस शोधतोच.

हे कायद्यात बसतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेलाय, म्हणून आधी तोच घेऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. त्यातलं कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पण ते न केल्यास पालकांना शिक्षा, अशी तरतूद त्या कायद्यात नाही. घरशाळा हा प्रकार तिथे नावाने येतच नाही, ना परवानगी म्हणून, ना बंदी म्हणून. आपल्या भाषेत सांगायचं तर ही केस कोडमध्ये हँडलच केलेली नाही. त्यामुळे कुणी 'पूर्ण कायदेशीर आहे हो' म्हणालं किंवा 'पोलीस येतील' म्हणालं, तर दोघांचंही ऐकू नका.

त्याच कायद्यातलं कलम ४ मात्र लक्षात ठेवा. शाळेत कधीच न गेलेलं किंवा मध्येच सुटलेलं मूल त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत दाखल होऊ शकतं, आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे परतीचा दरवाजा उघडा आहे. घरशाळा करणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असायला हवं, असं माझं मत.

परीक्षांचं थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, इथून दहावी करायला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. नोंदणी ५ वर्षं चालते आणि परीक्षेच्या ९ संधी मिळतात. माध्यम मराठीही घेता येतं. इथली बारावी पाच विषयांसह करून जेईई देता येते. शिवाय राज्य बोर्डाचा आपला जुना १७ नंबरचा फॉर्म आहेच. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाकडे पाचवी आणि आठवीच्या पातळीचीही सोय आहे.

आणि हो, मालविका जोशीचं उदाहरण मला कुणी ना कुणी पाठवतंच. मुंबईची मुलगी, सातवीनंतर शाळा सोडली, प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीला प्रवेश मिळाला. बारावी नसल्यामुळे आयआयटीचा रस्ता तिला बंद होता. भारी गोष्ट आहे, प्रश्नच नाही. पण एका मालविकावरून चार मुलांच्या घराचा निर्णय घेणं म्हणजे धोनीकडे बघून नोकरी सोडण्यासारखं आहे.

फ्रिजवरच्या दोन याद्या

आता मुख्य गोष्ट. दिवस चालतो कसा?

मला वाटलं होतं वेळापत्रक असेल, ९ ते ९.४० मराठी, मग गणित वगैरे. तसलं काही नाही. ताईच्या फ्रिजवर दोन कागद चिकटवलेत. एकावर लिहिलंय 'बाळ झोपलं की', दुसऱ्यावर 'बाळ जागं असताना'. संपूर्ण शाळा ह्या दोन कागदांवर चालते. घड्याळावर नाही, घटनेवर. आपल्या फील्डमधल्या लोकांना इव्हेंट-ड्रिव्हन म्हटलं की लगेच कळेल.

पहिल्या यादीत जे शांततेत करायचं ते सगळं: नवीन गणित, लिखाण, थोरलीचं इंग्रजी, आणि ज्यात ताईला एकाच मुलाजवळ बसावं लागतं अशी प्रत्येक गोष्ट. दुसऱ्या यादीत आवाजाची, हालचालीची कामं: पाढे, कविता, गोष्ट मोठ्याने वाचणं, भाजी आणायला जाणं, कणीक मळणं, चित्रं, अंगणात काहीबाही उकरणं. गंमत अशी की बाळ जागं असताना घरात जेवढा आवाज जास्त तेवढं बाळ खूश. चौघं जण तालात 'बे एके बे' म्हणतायत आणि मध्ये बाळ टाळ्या वाजवतंय, हे दृश्य मी स्टँडअप मीटिंगला म्यूट दाबून रोज पाहिलंय.

हिशेब करून बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप हवी. त्यातली बरीचशी रात्री. दिवसा आमचं बाळ सुरुवातीला तीनदा झोपायचं: सकाळी साडेनऊच्या सुमारास, दुपारी एकला, आणि संध्याकाळी एक छोटी डुलकी. पहिल्या दोन झोपा धरल्या तर अडीच तास. तीन मुलं, म्हणजे प्रत्येकी ५० मिनिटं. पण त्यातच वॉशिंग मशीन, भाजी निवडणं, गॅसवाला आणि ताईचा स्वतःचा चहा. प्रत्यक्षात एका मुलाला ताईची पूर्ण, अखंड अशी ३० ते ३५ मिनिटं मिळतात.

ऐकायला कमी वाटतं ना? पण कायद्याने प्राथमिक शाळेत ३० मुलांमागे एक शिक्षक पुरेसा धरलाय. तिथे एका मुलाच्या वाट्याला शिक्षकाची किती मिनिटं येतात, तुम्हीच भागाकार करा. त्यामुळे घरशाळेत दिवसाला दोन तासांत काय होणार, हे मला आता कोडं वाटत नाही. मधल्याला हातच्याची वजाबाकी अडली होती, ती ताईने सलग चार दिवस, रोज २० मिनिटं, फक्त त्याच्याजवळ बसून सोडवली. वर्गात हे जमणं अवघडच.

साहित्य म्हणाल तर फार खर्च नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आणि १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आहेत. मधला संख्या वाचताना कधी 'बावीस' म्हणतो, कधी 'वीस दोन'. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ही पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? तो गदारोळ ताईच्या घरात अजून चालू आहे. आजी आल्या की 'वीस दोन' बंद.

रांगायला लागल्यावर

आठव्या महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. संध्याकाळची डुलकी बंद झाली, आणि बाळ रांगायला लागलं.

त्याआधी शाळा जमिनीवर भरायची. चटई, चिंचोके मोजायला, मणी ओवायला, कागदाचे तुकडे, खडू. सात महिन्यांचं बाळ जिथे ठेवाल तिथे असतं. रांगणारं बाळ जिथे नको तिथे असतं, आणि हाताला लागेल ते तोंडात. चिंचोका, मणी, शेंगदाणा, ह्या सगळ्या गोष्टी बाळाच्या घशात अडकण्याच्या मापाच्या. त्याहून वाईट म्हणजे खेळण्यातले आणि रिमोटमधले चपटे बटन सेल. तो गिळला गेला तर अन्ननलिका काही तासांत भाजून निघते, त्यामुळे वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं असतं. ताईने एका दुपारी घरभर फिरून असे सेल गोळा केले, ज्या खेळण्याचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ते माळ्यावर टाकलं, आणि चिंचोक्यांची बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात गेली. शाळा जमिनीवरून जेवणाच्या टेबलावर चढली. धाकट्याचे पाय अजून खाली टेकत नाहीत, म्हणून त्याच्या पायाखाली पाट.

हे सगळं ऐकताना किरकोळ वाटेल. पण धाकट्याचं शिकणं तेव्हा पूर्ण हाताने, जमिनीवर पसरून चालू होतं. त्याला टेबलावर बसवल्यावर तो दोन आठवडे काहीच करायला तयार नव्हता. मग ताईने उलटं केलं. बाळाला नाही, धाकट्याला कुंपण घातलं. दोन जुनी बाकं आडवी लावून कोपरा बंद केला, आत धाकटा आणि त्याचे चिंचोके, बाहेर बाळ. धाकट्याला वाटतं तो किल्ल्यात आहे. काम झालं.

बाळामुळे अभ्यास अडतो तसा तो मिळतोही, हे सांगायला हवं. हॉलच्या हुकाला साडीची झोळी आहे. मधला दोरी ओढत पाढे म्हणतो, हे त्याचं काम. एकदा मी त्याला विचारलं, बाळ जड झालं की झोका हळू होईल का? तो म्हणाला, होणारच की. मग मोबाइलचं स्टॉपवॉच काढलं. आठ किलोचं बाळ आत, दहा झोके, साधारण २५ सेकंद. बाळ उचललं, तेवढ्याच जागी बाहुली ठेवली, दहा झोके, तरी जवळपास २५. त्याचा विश्वास बसेना, सहा वेळा केलं. मग रिकाम्या झोळीची दोरी आखूड करून मोजलं तर वेळ कमी. झोक्याला लागणारा वेळ वजनावर नाही, लांबीवर ठरतो. हे मी अकरावीत सूत्र म्हणून पाठ केलं होतं आणि आठ वर्षांच्या मुलाने ते झोळीत शोधलं. थोरलीने लगेच त्याचा तक्ता केला.

थोरलीकडे अजून एक काम आहे. अंगणवाडीतून मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या वजनाचा आलेख असतो. दर महिन्याचा ठिपका ती देते. आलेख वाचायला ती तिथे शिकली. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस आली तेव्हा 'लस म्हणजे नेमकं काय' इथून सुरू होऊन गाडी १७९६ मधल्या जेन्नरच्या देवीच्या लशीपर्यंत गेली. हे कुठल्या यादीत नव्हतं.

आणि असेही दिवस असतात की काहीच होत नाही. बाळाला दात येतायत, ताई रात्री चार वेळा उठलीय, दाजी रात्रपाळीहून येऊन झोपलेत, म्हणून सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. त्या दिवशी शाळा म्हणजे खिचडी आणि एक गोष्ट. ताई एका वहीत रोज एकच ओळ लिहिते, आज काय झालं. त्या दिवसांची ओळ अशी: 'आज बाळ.' बस. पण वही चालू ठेवली की महिन्याच्या शेवटी कळतं, वाटलं होतं तेवढं काही बुडालेलं नाही. तुमच्या घरात कुणी हे करत असेल तर एवढी एक वही मात्र ठेवाच.

तेवीस हाका

आता ज्यासाठी हा भाग केला ते.

पहिल्या काही दिवसांत मला एक आवाज सतत ऐकू यायचा. थोरलीला मारलेली हाक. 'अगं, बाळाकडे बघ.' 'अगं, दुपटं आण.' 'अगं, दोन मिनिटं घे गं हिला.' मी सवयीने लॉग ठेवणारा माणूस. एका मंगळवारी सकाळी ९ ते १२, मोबाइलच्या नोट्समध्ये रेघा मारल्या. थोरलीला २३ हाका, त्यातल्या १५ बाळासाठी. मधल्याला ६, त्यातल्या बाळासाठी २. तीन तासांत थोरलीला सलग मिळालेला सगळ्यात मोठा वेळ १४ मिनिटांचा. त्याच सकाळी माझ्या कॅलेंडरवर दोन तासांचा 'फोकस टाइम' लावलेला होता आणि कंपनीतल्या एकानेही मला हाक मारली नाही.

कुणी मुद्दाम करत नव्हतं. थोरली हुशार, जबाबदार, पटकन उठणारी. जो पटकन उठतो त्यालाच हाक जाते. आणि ती मुलगी आहे. मधला ८ वर्षांचा आहे तर 'तो लहान आहे', पण थोरली ८ वर्षांची होती तेव्हा ती धाकट्याला सांभाळत होती. हे वाक्य थोरलीचंच, माझं नाही.

हा प्रश्न घरशाळेने जन्माला घातलेला नाही. तो फार जुना आहे, आणि त्यावर महाराष्ट्रातच फार सुंदर काम झालंय. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती. कारण साधं होतं: मुलं गुरं चारायला जायची, आणि मोठ्या मुली घरी लहान भावंडं सांभाळायच्या. त्यांनी त्यावर दोन गोष्टी केल्या. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. आणि विकासवाडी नावाच्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताईने कडेवर भाऊ घेऊन यायचं, भाऊ पाळणाघरात, ताई वर्गात. 'बाळ घरी ठेवून ये' असं म्हणून मुलगी आली नसती. बाळाची सोय झाली तेव्हा मुलगी शिकायला मोकळी झाली.

ताईच्या हॉलमध्येही पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच छताखाली आहे. फरक एवढाच की पाळणाघराची बाई ११ वर्षांची आहे आणि तीच विद्यार्थिनीही आहे.

रात्री मी ताईला नोट्स दाखवल्या. तिला राग आला. "मोजायला तुझं काय जातंय? दोन महिन्यांचा पाहुणा तू. मला दोनच हात आहेत." मी गप्प बसलो. भांडी झाली, ओटा पुसून झाला, मग ती बाहेर येऊन बसली. म्हणाली, "तू झालास तेव्हा मी चौथीत होते. स्कॉलरशिपचा अभ्यास तुला कडेवर घेऊन केलाय. आई शेतावर जायची. कुणी मोजलं नव्हतं तेव्हा." स्कॉलरशिप मिळाली नव्हती, हे मला माहीत होतं. कारण मात्र आजपर्यंत कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून थोडी फिरवाफिरव झाली. सकाळी साडेनऊ ते अकरा थोरलीचे. ती आतल्या खोलीत, दाराच्या कडीला लाल ओढणी बांधलेली. ओढणी दिसली की हाक मारायची नाही. बाळ झोपेतून लवकर उठलं तरी नाही. मधल्याला बाळाची पाळी कागदावर लिहून दिली. आठ वर्षांचं पोर बाळाला उचलून फिरू शकत नाही, ते त्याला करूही द्यायचं नाही, पण मोठं माणूस त्याच खोलीत असताना शेजारी बसून खेळवू शकतं, दुपटं आणू शकतं, झोळी ओढू शकतं. आधी कुरकुर केली, मग त्यात तो थोरलीपेक्षा बरा निघाला, कारण त्याला बाळाला हसवायला मनापासून आवडतं. दाजींची दुसरी पाळी असते त्या आठवड्यात सकाळ त्यांची. मालिश, अंघोळ, नाचणीची पेज, सगळं ते करतात. पहिल्या दिवशी पेजेत गुठळ्या होत्या, चौथ्या दिवशी नव्हत्या.

दोन आठवड्यांनी पुन्हा तेवढेच तीन तास मोजले. थोरलीला ९ हाका. सलग वेळ ७० मिनिटं. त्या वेळेत ती काय करते? अपूर्णांक करते, आणि राहिलेल्या वेळात एक वही लिहिते जी कुणाला दाखवत नाही.

पण दाजी रात्रपाळीला असले की हे सगळं कोसळतं, हेही सांगतो. ते सकाळी येऊन झोपतात, ताई एकटी पडते, अकराऐवजी दहालाच ओढणी सुटते. सासूबाई त्या आठवड्यात येऊ शकल्या तर निभतं. मी परत पुण्याला आलोय, म्हणजे दोन हात अजून कमी. चार मुलांची घरशाळा एकट्या आईच्या जिवावर चालवायची म्हटलं की त्याची किंमत घरातलं कुणीतरी देतं, आणि ते कोण असतं ते मी वर मोजून सांगितलंय. तुमच्या ओळखीत कुणी घरशाळा सुरू करणार असेल, तर अभ्यासक्रम कुठला हे नंतर विचारा. आधी विचारा, सकाळी साडेनऊला घरात मोठी माणसं किती?

निघायच्या आदल्या दिवशी थोरली गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आली होती. म्हणाली, "मामा, शाळेत जाणाऱ्या मुलींच्या घरी बाळ असेल तर कोण बघतं?" मी म्हटलं, आई, आजी, नाहीतर पाळणाघर. "आणि त्या शाळेतून आल्यावर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने सांगितलं की तिला पुढच्या जूनमध्ये सातवीला शाळेत जाऊन बघायचंय. प्रयोगशाळा हवीय आणि खो-खोला नऊ जण हवेत, घरात चारच आहेत आणि त्यातलं एक रांगतं. मी तिला ते कलम ४ समजावून सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं आणि रात्री जेवताना ताईला नंबरासकट ऐकवलं.

ताई लगेच हो म्हणाली नाही. दिवाळीनंतर दोघी मिळून जवळची शाळा बघून येणार आहेत, वर्ग चालू असताना. मधल्याने आधीच जाहीर केलंय की तो कुठेही जाणार नाही, कारण शाळेत झोळी नसते. धाकट्याला अजून कुणी विचारलेलं नाही.

पुढच्या भागात एनआयओएसचा फॉर्म प्रत्यक्ष भरून बघू, कुठला विषय निवडला की पुढे कुठे अडतं ते. तुमच्या घरात थोरली तुम्हीच असाल, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. परवानगी असेल तरच वाजवेन.